दुसऱ्या खुर्चीची नोंद

संस्थेच्या सेवापुस्तकात, पान एकशे बारावर, पुढील नोंद आहे:

‘पद: द्वितीय व्हायोलिनवादक, निवासी स्ट्रिंग क्वार्टेट. लिंग: स्त्री. वय: छप्पन्न पूर्ण. उंची: मध्यम. ओळखीची खूण: जबड्याखाली डाव्या बाजूस तपकिरी वण (व्यवसायजन्य). दृष्टी: चष्म्यासह ठीक. श्रवण: सामान्य. पदाचे स्वरूप: साहाय्यक, बदलण्यायोग्य. पोशाख: काळा, पायघोळ. पादत्राणे: काळी, बंद, पॉलिश केलेली, अनिवार्य. वर्तणूक: तक्रार नाही.’

दर वर्षी करार नवा होतो तेव्हा ही नोंदही नवी होते, म्हणजे हेडक्लार्क वय खोडून नवं लिहितात. बाकीचे रकाने पहिल्या दिवशी भरले तसेच आहेत. श्रवणाच्या रकान्यासाठी त्यांनी तेव्हा मान वर न करता विचारलं होतं, “ऐकू येतं ना?” ताई म्हणाल्या, “येतं.” ज्याअर्थी उत्तर आलं त्याअर्थी श्रवण सामान्य. इतकी चोख तपासणी भल्याभल्या इस्पितळांत होत नाही.

क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. चार माणसं, सोळा तारा, आणि हुकूम सोडणारा कुणी नाही. मोठ्या वाद्यवृंदासमोर काठी घेऊन एक गृहस्थ उभे असतात, चुकलं तर त्यांच्याकडे बोट दाखवता येतं. इथे ती सोय नाही. लोक यांना प्रेमाने ‘चौकडी’ म्हणतात आणि त्याआधी येणारा शब्द मनात ठेवतात.

पहिल्या खुर्चीवर पहिलं व्हायोलिन: थोरले. वयाने हे चौघांत सगळ्यात लहान, जेमतेम चाळिशीचे. पण त्या खुर्चीवर जो बसेल तो थोरला, असा रिवाज. ते या खुर्चीवरचे तिसरे. दुसऱ्या खुर्चीवर ताई. तिसरीवर व्हायोला घेऊन आक्का, जिची जीभ तिच्या गजासारखीच रोज राळ लावून तयार असते. शेवटच्या खुर्चीवर चेलो आणि चेलोमागे मास्तर. मास्तरांना दिवसाला शंभर शब्दांचा शिधा मिळतो आणि त्यातले साठ ते संध्याकाळी परत करतात, असं आक्काचं म्हणणं.

पहिलं व्हायोलिन गातं, चेलो जमीन धरून ठेवतो, व्हायोला उसासे टाकतो. दुसरं व्हायोलिन काय करतं, हे श्रोत्यांना तीस वर्षं ऐकूनही सांगता येत नाही. ते जेवणातल्या मिठासारखं. असलं की कुणी नाव काढत नाही, नसलं की सगळे काढतात. ताईंना याचं दुःख नव्हतं. दुःख त्यांच्या यजमानांनाही नव्हतं, त्यांना उलट विनोद मिळाला होता. कुणी पाहुणा आला की ते ओळख करून देत, “ही माझी पहिली आणि त्या तिघांची दुसरी.” विनोद एकतीस वर्षांचा झाला होता, पण यजमानांचा धंदा बूट बनवण्याचा, जुनी वस्तू टाकायची नाही, तळ बदलून पुन्हा वापरायची, ही त्यांची सवय.

एकतीस वर्षांपूर्वी चौघे पहिल्यांदा एकत्र बसले तेव्हा ताईंचं अक्षर चांगलं म्हणून नियम लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. रेघांच्या वहीत अकरा कलमं. सगळं मतदानाने ठरायचं. ज्याचं ‘हो’ त्याने गज वर करायचा. दोन विरुद्ध दोन झालं तर जुनी पद्धत कायम. एकटाच विरोधात असेल त्याने कारण सांगायचं, हे चौथं कलम. दौऱ्यावर सकाळचा नाश्ता एका टेबलावर करायचा नाही, हे पाचवं; क्वार्टेट इतकी वर्षं टिकल्याचं श्रेय लोक कलेवरच्या निष्ठेला देतात, खरं ते पाचव्या कलमाला आहे. सातवं कलम असं: एखाद्याला वाजवणं झेपत नाही अशी शंका आली तर निर्णय उरलेल्या तिघांनी करायचा, त्याला स्वतःला मत नाही. आणि नववं: दर हंगामाच्या सुरुवातीला एक तालीम पाठमोरी. चारही खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडायच्या आणि एकमेकांकडे न बघता वाजवायचं. डोळे लबाड असतात, क्वार्टेट कानांवर चालतं, असं ताईंनी त्याखाली स्वतःच्या अकलेने लिहून ठेवलं होतं.

सातवं कलम एकदाच वापरलं गेलं. पहिल्या थोरल्यांचा गजाचा हात कापायला लागला तेव्हा. मतदानात तीन गज वर गेले, त्यातला एक ताईंचा. थोरल्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि म्हणाले, “कलम तूच लिहिलंस ना? अक्षर छान आहे हो तुझं.” त्यानंतर कुणी अक्षराचं कौतुक केलं की ताई विषय बदलत.

ताईंचा डावा कान गेला तो असा एका दिवसात नाही गेला. सभ्य भाडेकरूसारखा एकेक खोली रिकामी करत गेला. आधी पक्षी गेले, मग दाराची घंटा, मग आक्का. क्वार्टेटमध्ये आक्का ताईंच्या डाव्या हाताला बसते. तिचे टोमणे ताईंच्या डाव्या कानात पडायचे आणि ताई फिरून एक द्यायच्या. ते बंद झालं. दोन वर्षं आक्काला वाटत होतं, ताईला आता समज आली.

पहिल्यांदा ओळखलं यजमानांनी. टेबलावर ते डावीकडे बसतात. एक दिवस त्यांनी तीनदा पाणी मागितलं, मग मुकाट्याने ताट उचललं आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.

“तिकडे कुठे?” ताई म्हणाल्या.

“इकडे मला तहान लागली तर तुला कळतं.”

कानाच्या डॉक्टरांनी यंत्र लावलं, कागद काढला, आणि विचारलं, “काम काय करता?”

“व्हायोलिन वाजवते.”

“किती वर्षं?”

“सेहेचाळीस.”

“म्हणजे सेहेचाळीस वर्षं कानापासून चार बोटांवर कुणीतरी ओरडतंय आणि तुम्ही त्याला रोज सहा तास वेळ देताय.” त्यांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते घालून ताईंनी एक स्वर वाजवला. पत्र्याच्या डब्यात चमचा हलवल्यासारखं झालं. यंत्र पेटीत राळेशेजारी जाऊन पडलं.

ताईंनी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे सातवं कलम. त्यांनी दुसरा मार्ग काढला: डोळे. उजवीकडून थोरल्यांचं व्हायोलिन चांगल्या कानात येत होतं. डावीकडचं ताई बघून घ्यायला लागल्या. आक्काचा खांदा, मास्तरांचा हात. मास्तरांचा उजवा हात तर त्यांना घरच्या जिन्यासारखा पाठ झाला. पाठमोऱ्या तालमीत त्यांनी मात्रा मोजून निभावलं. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. ज्या बाईने ‘डोळे लबाड असतात’ लिहिलं तीच डोळ्यांवर घर चालवत होती.

आणि मग वसंतातल्या दौऱ्यात, एका नदीकाठच्या गावी, मास्तरांचा उजवा खांदा दुखायला लागला.

त्या संध्याकाळच्या रचनेत संथ भागाच्या मध्यावर एक जागा आहे. थोरले अगदी वरचा एक लांब, बारीक स्वर धरतात. त्याखाली चेलो गज न लावता बोटाने एकच खालची तार छेडतो. ती छेड झाली की दुसऱ्या व्हायोलिनने आत यायचं, आणि त्या चार मात्रा सबंध सभागृहात दुसऱ्या व्हायोलिनखेरीज कुणी नसतं. एकतीस वर्षांत ताईंच्या वाट्याला आलेल्या एकट्याच्या जागा हाताच्या बोटांवर मोजता येतील. ही त्यातली अंगठ्याची.

तार छेडायची ती उजव्या हाताच्या बोटाने, ही सर्वसाधारण रीत. पण मोकळी तार असेल तर डाव्या हाताच्या बोटानेही काम होतं. मास्तरांनी दुखरा खांदा न हलवता डाव्या हाताने छेडली. सुरेख छेडली. ताई त्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसल्या होत्या. उजवा हात हलला नाही. थोरल्यांच्या बारीक स्वराखाली ती छेड ताईंपर्यंत पोचलीच नाही.

थोरल्यांचा गज संपत आला, संपला. सभागृहात शांतता पसरली. कुणीतरी खोकायचं ठरवलं आणि धीर झाला नाही म्हणून गिळलं. पाच सेकंद, सहा, सात. मग ताईंच्या डाव्या अंगाने आक्काच्या व्हायोलाने ताईंच्या चार मात्रा उचलल्या, जणू कागदावर तसंच छापलेलं होतं. आक्काचा गज हललेला दिसताच ताई पाचव्या मात्रेला आत आल्या आणि गाडी पुढे गेली.

दोन दिवसांनी तिथल्या वर्तमानपत्रात परीक्षण आलं. समीक्षकांनी लिहिलं होतं की इतक्या वेळा ऐकलेल्या या रचनेत त्यांना प्रथमच उत्तराआधीचं ‘ते धाडसी मौन’ ऐकू आलं. आणि दुसऱ्या व्हायोलिनची ओळ व्हायोलाच्या गडद स्वरात देण्याची कल्पना केवळ दीर्घ चिंतनातूनच सुचू शकते.

थोरल्यांनी ते कात्रण तालमीच्या खोलीत आणलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली: लाकडी जमीन, दोन खिडक्या, खुर्च्यांच्या पायांच्या जागी खडूच्या खुणा, आणि खाली हेडक्लार्कांचं ऑफिस. थोरल्यांनी कात्रण मोठ्याने वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

“मी म्हणतो, हे ठेवू या,” ते म्हणाले. “सात सेकंद. मग आक्का. ताई, तुमची काही हरकत? चार मात्रा जातात तुमच्या, पण परिणाम बघा ना!”

“मतं घ्या,” मास्तर म्हणाले. त्यांच्या शंभरातले दोन खर्च झाले.

थोरल्यांचा गज वर गेला, ते मौन ठरवलेलं नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं, पण चुकीपेक्षा कौतुक सगळ्यांनाच बरं. आक्काचा गेला, तिला वाटलं होतं ताई ओळ विसरली, आणि विसरणाऱ्या मैत्रिणीची अब्रू झाकायला चिंतनासारखं पांघरूण नाही. मास्तरांचा गेला, त्यांना वाटत होतं चूक आपल्या खांद्याची. तिघेही खोटं बोलत होते आणि तिघांच्याही मनात चांगलंच होतं. ताईंचा गज मांडीवरच राहिला.

“चौथं कलम,” आक्का म्हणाली. “एकटी पडलीस, कारण सांग. त्यात एवढं काय? समीक्षकाला आवडलं, देवाला आवडलं.”

ताईंनी गज सैल केला. ही त्यांची विचार करायची पद्धत. मग म्हणाल्या, “ते मौन नव्हतं. मास्तरांनी तार छेडली ती मला ऐकू आली नाही. डाव्या कानाने दोन वर्षं ऐकू येत नाही. मी बघून वाजवते.”

खोलीत पुन्हा तेच धाडसी मौन पसरलं. या वेळी त्यात चिंतन होतं.

“दोन वर्षं?” आक्का शेवटी म्हणाली. “म्हणजे मी जे जे बोलले त्यातलं तुला काहीच...”

“काहीच नाही.”

“अगं, चांगलं चांगलं बोलले मी! पुन्हा नाही सुचायचं आता.”

थोरल्यांनी कात्रणाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. माणूस वाईट नव्हता. फक्त आपलं मन किती मोठं आहे हे कळायची त्याला आत्ताच गरज पडली होती आणि ते मोजायला वेळ लागत होता. “मास्तर मान हलवतील त्या जागी,” ते म्हणाले. “आणि बाकी ठिकाणी आक्का जरा...”

“मान हलवली की चेलो हलतो,” मास्तर म्हणाले.

“मास्तरांनी माझ्यासाठी मान हलवायची, आक्काने माझ्यासाठी वाजवायचं,” ताई म्हणाल्या. “आणि मी? टाळ्या? नको. सातवं कलम आहे. पण मतं आज नका घेऊ. सुट्टीचे दोन महिने द्या. हंगामाच्या पहिल्या दिवशी पाठमोरी तालीम असतेच. तीच जागा वाजवू. चुकले तर कलमाचं अक्षर माझंच आहे.”

तिघांचे गज वर गेले. पंधरा दिवसांनी नवा करार टंकलेखनाला जाणार होता. थोरल्यांनी हेडक्लार्कांना जाऊन सांगितलं की तो हंगाम सुरू झाल्यावर करू. हेडक्लार्कांनी कारण विचारलं. थोरले म्हणाले, “चिंतन चालू आहे.”

दोन महिन्यांत कान परत येत नाही हे ताईंना माहीत होतं. डोळ्यांवर भागणार नाही हेही कळलं होतं. उरलं काय? पहिला आठवडा ताई घरात वाट चुकल्यासारख्या हिंडल्या. मग एका दुपारी वरच्या कामाच्या खोलीत यजमानांना चहा द्यायला गेल्या. तिथे भिंतीवर गिऱ्हाइकांच्या पावलांचे लाकडी साचे टांगलेले, खाली फळ्यांची जमीन. यजमान टाचेत खिळे ठोकत होते. ताई दारात थबकल्या. त्यांनी चप्पल काढली, एक पाय पुढे टाकला, थांबल्या.

“अहो, पुन्हा ठोका.”

“काय झालं?”

“हळू ठोका. माझ्याकडे बघू नका. मनाला येईल तेव्हा.”

यजमानांनी ठोकलं. ताईंनी पाठ फिरवून उजवा कान तळहाताने दाबून धरला होता. प्रत्येक ठोक्याला त्यांनी बोट वर केलं. वीसपैकी वीस.

चेलोला खाली एक लोखंडी दांडी असते, तिचं टोक जमिनीत रुतवून तो उभा राहतो. म्हणजे चेलो नुसता हवेत वाजत नाही, तो जमिनीतही वाजतो. एकतीस वर्षं ताईंच्या तळव्यांखालून मास्तर जात-येत होते आणि ताईंनी कधी ओ दिली नव्हती, कारण पायांत यजमानांनी बनवलेले, चांगल्या जाड तळाचे, संस्थेच्या नियमाप्रमाणे पॉलिश केलेले बूट होते.

ताई मास्तरांकडे गेल्या. मास्तर म्हणाले, “सरावाला मी येणार नाही. मी मतदार.” मग आतून आपला जुना, तडा गेलेला चेलो आणून हातात दिला. “हा मतदार नाही.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून कामाच्या खोलीत तालीम सुरू झाली. यजमानांना आयुष्यात एकही वाद्य येत नव्हतं. त्यांना स्टुलावर बसवलं, चेलो धरून दिला, खालची तार दाखवली.

“ही एकच. बोटाने. केव्हाही.”

“केव्हाही म्हणजे? मला वाटेल तेव्हा?”

“तुम्हाला वाटेल तेव्हा.”

“लग्नाला बत्तीस वर्षं झाली,” यजमान तार चाचपत म्हणाले, “आज हे वाक्य ऐकलं.”

ताई भिंतीकडे तोंड करून उभ्या. उजवीकडे थोरल्यांच्या जागी खिडकीशी रेडिओ लावलेला, मोठ्याने, म्हणजे चांगल्या कानावर पांघरूण. यजमान छेडायचे, ताई आत यायच्या. कातडं ओढून ओढून यजमानांची बोटं अशी झाली होती की त्यांनी पहिल्याच दिवशी तार तोडली. मग हळू शिकले. खट्याळपणाही शिकले: पाच मिनिटं काहीच करायचे नाहीत, शीळ घालायचे, आणि मध्येच छेडायचे. ताई चुकल्या की “पुन्हा” म्हणायच्या. रोज शंभर वेळा. शंभरात साठ बरोबर, मग सत्तर, मग काही दिवस पुन्हा साठ.

“बूट मध्ये येतायत,” ताई म्हणाल्या.

यजमानांनी पातळ तळाचा जोड बनवला. आकडा ऐंशीवर गेला. त्याहून पातळ बनवला, पंच्याऐंशी. तिसऱ्या जोडाचं कातडं त्यांनी इतकं तासलं की उजेडाला धरलं तर पलीकडचा दिवा दिसत होता. नव्वद.

“आणखी पातळ नाही का होणार?”

“होईल की. पण यापुढचं कातडं तुझंच,” यजमान म्हणाले.

“अनवाणी बसू?”

“बूटवाल्याची बायको स्टेजवर अनवाणी! उद्या गिऱ्हाईक मला काय म्हणेल?” यजमान खरंच दुखावले. ताईंनी विषय सोडला. नव्वद म्हणजे दहातली एक चूक. पण आपल्या माणसाने तीन आठवडे तासलेलं कातडं पायातून काढून ठेवायलाही हिंमत लागते.

हंगामाच्या पहिल्या दिवशी ताई तिसरा जोड घालून तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. यजमान बरोबर होते; पेटी धरायला आलो म्हणाले, पेटी ताईंच्याच हातात होती. दार उघडलं. खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड, करडा, नवाकोरा गालिचा होता.

आक्का आत उभी होती. “खालच्यांची कृपा,” ती म्हणाली. “म्हणे आपल्या पायांचा आणि मास्तरांच्या दांडीचा त्रास होतो. सुट्टीत घालून घेतला. खिळ्यांनी ठोकलाय.”

ताईंनी पाऊल टाकलं. ढगावर टाकल्यासारखं. खाली जमीन आहे की नाही ते पायांना कळेना. त्यांनी एकदा गालिच्याकडे पाहिलं, एकदा यजमानांकडे.

“पक्कड आहे का?”

“बूटवाल्याला विचारतेस?” यजमानांनी कोटाच्या खिशातून पक्कड काढली.

भिंतीच्या कडेने खिळे निघायला लागले. चौथ्या-पाचव्या खिळ्याला हेडक्लार्क धापा टाकत वर आले.

“हे काय चाललंय? हा गालिचा संस्थेचा आहे!”

“मीपण संस्थेचीच,” ताई गुडघ्यांवर बसून गालिच्याची कड गुंडाळत म्हणाल्या. “पान एकशे बारा. बदलण्यायोग्य.”

“गालिचा बदलण्यायोग्य नाही! तो स्थावरात धरलाय!”

“मग धरा,” ताई म्हणाल्या आणि गुंडाळीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. हेडक्लार्क नियमाने चालणारे गृहस्थ. वस्तू हातात आली की ती सांभाळायची, हा त्यातला पहिला. त्यांनी धरली. दुसरं टोक मास्तरांनी धरलं. गालिचा जिन्यात जाऊन उभा राहिला आणि त्याच्याजवळ हेडक्लार्क उभे राहिले. ‘संस्थेच्या मालमत्तेवर लक्ष ठेवण्यासाठी’ थांबलो, असं त्यांनी नंतर लिहिलं. दार मात्र त्यांनी किलकिलं ठेवलं होतं.

चार खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या. ताईंचं तोंड खिडकीकडे, थोरले उजव्या अंगाला, मास्तर डावीकडे मागे. मास्तरांनी दांडी जमिनीत रुतवली. थोरल्यांनी श्वास घेतला आणि संथ भाग सुरू झाला.

त्या जागी आले. थोरल्यांचा बारीक स्वर उजव्या कानात भरला. तळव्यांखाली काहीतरी सरकलं, अंधुक, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं. तोच का? ताई आत आल्या. केसभर उशिरा. बाहेरच्याला कळलं नसतं, पण खोलीत बाहेरचं कुणी नव्हतं.

“जरासं...” थोरले म्हणाले.

“उशिरा,” ताई म्हणाल्या. “माहीत आहे.”

त्यांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. वाकल्या. तिसऱ्या जोडाची नाडी सोडली, बूट काढले, मोजे काढले, बुटांत कोंबले आणि जोड दाराशी उभ्या यजमानांकडे सरकवला. यजमानांनी खाली वाकून तो उचलला आणि बाहीने पुसला. ताईंनी दोन्ही तळवे फळ्यांवर सपाट टेकवले. फळ्या गार होत्या, एका फटीत मागच्या हंगामातली राळ अडकली होती.

“पुन्हा,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला छेड तळव्यांत आली ती दारावर थाप पडावी तशी. ताई तिच्याबरोबर आत गेल्या.

“बरोबर,” आक्का पाठीमागून म्हणाली, मग जाणूनबुजून उजव्या बाजूला वाकून पुन्हा मोठ्याने म्हणाली, “बरोबर!”

“पुन्हा,” आता मास्तर म्हणाले.

तिसरी खेप. थोरल्यांचा स्वर लागला. छेड यायची वेळ झाली. आली नाही. ताईंच्या मनगटात एकतीस वर्षांची सवय होती. मोजून वाजवणाऱ्याचा हात इथे आपोआप उतरतो. ताईंचा गज तारेवर एक केस अंतर राखून थांबला. थोरल्यांचा गज संपत आला, त्यांनी काटकसर सुरू केली, स्वर दोऱ्याएवढा झाला. तीन सेकंद. चार. मास्तर पाठीमागे दगडासारखे बसले होते. तळव्यांखाली फळी मुकी होती. ताई तिच्यावर उभं आयुष्य टेकवून थांबल्या.

मग फळी बोलली. मास्तरांनी छेडलं आणि त्याच क्षणी, केसभरही इकडेतिकडे नाही, दुसरं व्हायोलिन आत आलं आणि चार मात्रा एकटं चालत गेलं.

पूर्ण झाल्यावर कुणी उठलं नाही. थोरले घाम पुसत म्हणाले, “मास्तर, माझा गज संपला असता की!”

“मोजतेय की ऐकतेय, बघायचं होतं,” मास्तर म्हणाले. त्यांचा त्या दिवसाचा शिधा इथेच संपला.

“माझी एक शंका,” थोरले म्हणाले. शंका खरी होती आणि ती विचारायला त्यांना बरं वाटत नव्हतं. “दौऱ्यावर काय? कुठे दगडी फरशी असते, कुठे सिमेंट.”

“फळी न्यायची,” ताई म्हणाल्या. त्यांचा विचार झालेला होता. “सहा फूट. एका टोकाला मास्तरांची दांडी, दुसऱ्याला माझे पाय, मध्ये आक्काची खुर्ची. मास्तर चेलो उचलतात, मी फळी उचलीन.”

“म्हणजे मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसू, पूल म्हणून?” आक्का म्हणाली. “एकतीस वर्षं तेच करतेय म्हणा.”

“सातवं कलम. मी राहावं असं ज्याला वाटतं त्याने गज वर करायचा,” ताई म्हणाल्या आणि तोंड खिडकीकडेच ठेवून बसल्या. त्यांना मत नव्हतं, आणि मागे वळून बघायची त्यांची इच्छाही नव्हती. पहिल्या थोरल्यांनी पेटीच्या कड्या लावल्या होत्या तो आवाज त्यांना अजून दोन्ही कानांनी ऐकू येत होता.

मागे काही हललं की नाही ते कळेना. गज वर जातो तेव्हा आवाज होत नाही, आणि फळीतूनही काही येत नाही. शेवटी दारातून यजमान म्हणाले, “अगं, वळ ना. तिघांचे हात दुखायला लागले.”

नवा करार त्याच आठवड्यात झाला. हेडक्लार्कांनी पान एकशे बारा उघडलं, छप्पन्न खोडून सत्तावन्न लिहिलं, आणि शेरा या रकान्यात भर घातली: ‘फळी, लाकडी, सहा फुटी, नग एक, दौऱ्यात सोबत.’ गालिचा त्यांनी आपल्या ऑफिसात घालून घेतला. श्रवण ‘सामान्य’ आहे. पद ‘बदलण्यायोग्य’ आहे. पादत्राणे ‘काळी, बंद, पॉलिश केलेली, अनिवार्य’ आहेत.

ताई अनवाणी वाजवतात.